नारळाच्या वड्यांचं उट्टं

सुमेधा ठोसर चिडली की तिचा आवाज चढत नाही, खाली उतरतो. लंडनजवळच्या स्लाऊ गावात तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. कौन्सिलमधला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतला, एक हाउसिंग ऑफिसर एकदा तिला म्हणाला होता म्हणे, की बाई, हवं तर ओरडा, पण असं हळू बोलू नका. तर ज्या दिवशी तिच्या जुन्या हॉस्पिटलमधून फोन आला, आणि आमच्या समता समितीचे अध्यक्ष डॉक्टर यशोधन मिरजकर यांनी खास तुमचं नाव सुचवलंय असं पलीकडच्या मुलीनं सांगितलं, त्या दिवशी सुमेधा इतक्या हळू ‘येते’ म्हणाली, की त्या बिचारीला पुन्हा विचारावं लागलं.

सुमेधा नक्की काय काम करते हे तिच्या नागपूरच्या नातेवाइकांना आजवर कळलेलं नाही. तिचा नवरा विनय सॉफ्टवेअरमधला, कमी शब्दांत काम उरकणारा. तो सांगतो, “ती लोकांना गोल बसवते.” म्हटलं तर तेवढंच. इथल्या कचेऱ्यांत, हॉस्पिटलांत, शाळांत कोण वर चढतं आणि कोण वर्षानुवर्षं तिथंच राहतं, यात कातडीच्या रंगाचा हात असतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे मूग गिळून बसलेले असतात. सुमेधा जाते, टेबलं भिंतीला लावायला सांगते, खुर्च्यांचं कडं करते आणि त्या मुगांचं काय ते बघते. स्लाइड नाही, भाषण नाही. एकच अट असते. येताना प्रत्येकानं घरी केलेलं काहीतरी खायला आणायचं, आणि ते आपल्याला करायला कोणी शिकवलं ते सांगायचं.

ही रीत तिनं कुठल्या कोर्सात उचललेली नाही. पण ते पुढं येईल. आधी वड्या.

नागपूरहून आली तेव्हा सुमेधा फिजिओथेरपिस्ट होती, आणि चांगली होती. माणूस दारातून आत येतानाच त्याचं दुखणं गुडघ्यात आहे की कमरेत, हे ती ओळखायची. हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि तिथंच हाडांच्या विभागात डॉक्टर यशोधन होते. सीनियर कन्सल्टंट, लंडनच्या ईलिंग भागात मोठं घर, मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, रेशमी कुडत्यात. परक्या मुलखात आपलं कोणी इतकं वर गेलेलं पाहून सुमेधाचा ऊर भरून यायचा. तेव्हा यायचा.

त्यांच्या आईला सगळे माई म्हणत. माईंचा गुडघा बदलला आणि त्यांनी पलंगच धरला. व्यायाम करायच्या नाहीत, इंग्रज फिजिओ आली की डोळे मिटून घ्यायच्या. डॉक्टरांची बायको, मनीषा वहिनी, मंडळात सुमेधाजवळ रडल्या. झालं, सुमेधा दर शनिवारी ईलिंगला जाऊ लागली. माईंना दटावून, गोंजारून, मंडळातल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या सांगत सांगत तिनं त्यांना पलंगावरून उठवलं, खोलीत चालवलं, मग दिवाणखान्यात. जिना राहिला होता. माई म्हणाल्या, “जिन्याची पहिली पायरी चढले तर मला काय देशील?” सुमेधानं विचारलं, काय हवंय? तर म्हणाल्या, नारळाच्या वड्या. खुटखुटीत हव्यात, चिकट नकोत.

पुढच्या शनिवारी सुमेधा स्टीलच्या डब्यात वड्या घेऊन गेली. माई पायरी चढल्या. तीन वड्या उभ्या उभ्या खाल्ल्या. डॉक्टरांनीही दोन खाल्ल्या आणि म्हणाले, “सुमेधा, तुझ्या हाताला चव आहे हं!”

आणि त्याच सुमारास हॉस्पिटलात टीम लीडच्या जागेची मुलाखत होती. पॅनेलवर तिघं जण होते. एचआरचा कॉलिन, फिजिओ विभागाची मुख्य जिलियन, आणि डॉक्टर यशोधन.

आता इथं सुमेधाचं चुकलं. आपल्याच माणसांकडून होणारी चूक होती ती. पॅनेलवरच्या माणसाशी आपली घरची ओळख असेल तर इथं ते आधीच सांगून मोकळं व्हायचं असतं. सुमेधा सांगायला गेली नाही. काय सांगणार? मी यांच्या आईला चालवते म्हणून? केलेलं असं चारचौघांत बोलून दाखवायचं नसतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. शिवाय सर वयानं मोठे, मानानं मोठे. सांगायचं असेल तर ते सांगतील, आपण कशाला तोंड उघडायचं? ती तोंड मिटून बसली.

जागा मिळाली नाही. मिळाली ती तिच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीला. फीडबॅक असा आला, की उमेदवाराला व्यावसायिक मर्यादांचं भान कमी आहे. सुमेधानं त्या वाक्यावर खूप डोकं आपटलं. कसल्या मर्यादा? कोणाशी? मग पुढच्या शनिवारी उठून ती पुन्हा ईलिंगला गेली, कारण माईंच्या वरच्या पायऱ्या अजून बाकी होत्या. डॉक्टर दार उघडून म्हणाले, “अगं, वाईट वाटलं मला. मी खूप सांगून पाहिलं त्यांना.” सुमेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्यांचे आभार मानले. आभार! हे आठवलं की आजही तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

खरं काय झालं होतं ते तिला कळलं जिलियनच्या निवृत्तीच्या पार्टीत. जिलियननं वाइनच्या धीरावर तिला कोपऱ्यात घेतलं. ती म्हणाली, “आम्ही दोघं तुलाच देणार होतो ती जागा. पण डॉक्टरांनी सांगितलं, की मुलाखतीच्या आधी तू मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेली होतीस. ते म्हणाले, ती माझ्या समाजाची आहे, म्हणूनच मला हे लपवता येत नाही. त्यांना किती जड जात होतं ते सांगताना! आम्हाला वाटलं, त्यांच्या लोकांचं त्यांना जास्त कळणार.”

सुमेधा कागदी बशीतला केक हातात घेऊन उभीच राहिली. आपला माणूस आपल्या माणसाची बाजू घेतो असं गोऱ्यांना वाटू नये, एवढ्यासाठी या गृहस्थानं तिचा केसानं गळा कापला होता. माईंच्या वड्या त्यानं स्वतःच्या सचोटीचा दाखला म्हणून टेबलावर मांडल्या होत्या. आणि त्यानंतर कित्येक शनिवार तिला घरी येऊ दिलं होतं, कारण आईचा जिना अर्धा राहिला होता.

जिलियननं हात जोडल्यासारखं करून सांगितलं, माझं नाव घेऊ नकोस. सुमेधानं घेतलं नाही. तिनं नोकरी सोडली आणि ईलिंगला जायचंही सोडलं. पुढं दिवाळीच्या कार्यक्रमात मनीषा वहिनी लांबूनच म्हणाल्या, “माई विचारतात हो तुझं. यशोधन सांगतात, सुमेधा आता मोठी झाली, ती कशाला येतेय आपल्याकडे!” म्हणजे तिथंही तिचंच नाव काळं केलं होतं. माईंच्या नजरेत आपण गरज सरताच तोंड फिरवणाऱ्या ठरलो, हे तिला त्या नोकरीपेक्षाही जास्त लागलं. त्या रात्री विनयनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “काही नाही. या माणसाकडून मी हे चारचौघांत वदवून घेणार आहे. त्याच्याच तोंडून.” इतक्या हळू म्हणाली, की विनयनं टीव्ही बंद केला.

राग मनात धरून माणूस एक तर कुढतो, नाहीतर कामाला लागतो. सुमेधा कामाला लागली. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामांत पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या बायका होत्या. पंजाबी, तमिळ, पोलिश, सोमाली. पहाटे तिकडे बस जायची नाही. थंडीत, अंधारात, मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालत जायच्या. तक्रार केली की पाळीच काढून घेतली जायची. सुमेधा एकेकीच्या घरी जाऊन बसायला लागली. आधी कोणी बोलेना. मग तिच्या लक्षात आलं, की ताटात काही वाढलं की बाई बोलते, आणि हे करायला कोणी शिकवलं असं विचारलं की फारच बोलते. आईपासून सुरू होते आणि सुपरवायझरपर्यंत येते. अशा एकेका स्वयंपाकघरातून निघालेल्या बायका एके दिवशी डबे घेऊन कौन्सिलच्या सभेत जाऊन बसल्या आणि बस मिळेपर्यंत उठल्या नाहीत. आजही ती बस पहाटे धावते.

त्या कामातून तिला दुसरी कामं आली. रीतसर प्रशिक्षण झालं, आणि कस्तुरी नावाच्या पुण्याच्या, वयानं लहान पण डोक्यानं थंड बाईबरोबर तिनं स्वतःची छोटी कंपनी काढली. हॉस्पिटलचा फोन आल्यावर सुमेधानं कस्तुरीला सगळं सांगितलं. कस्तुरी म्हणाली, “सुमेधाताई, सरळ कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे हा. मी एकटी जाते.”

“मी तिथं नोकरी करत होते हे त्यांना सांगितलंय. त्यांना उलट ते आवडलं.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं मी सांगणार नाही. त्या खोलीत माझी गोष्ट माझ्या तोंडून निघणार नाही. शब्द देते.”

“निघाली ना, तर आपलं नाव संपलं. त्या खोलीत इतरही लोक असतील, त्यांची दुखणी असतील. तू तुझं उट्टं काढायला त्यांना वापरलंस, तर परत कोणी आपल्यासमोर तोंड उघडणार नाही.”

“ठाऊक आहे गं,” सुमेधा म्हणाली. आणि मग ती नारळ आणायला गेली.

डॉक्टरांनी तिचंच नाव का सुचवलं असेल? सोपं आहे. जिलियन बोलली असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्याच हॉस्पिटलात तयार झालेली, माझ्याच मंडळातली, बघा कुठं पोचली, असं म्हणत मिरवायला ती बरी होती. दारातच त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आय ऑल्वेज न्यू शी वुड गो फार.” सुमेधा वरवर हसली.

खुर्च्यांचं कडं झालं. नर्सेस होत्या, एक पोर्टर होता, फार्मसीतला समर नावाचा लेस्टरचा भारतीय वंशाचा मुलगा होता, अनुष्का नावाची तरुण मराठी फिजिओ होती. कॉलिन होता, आता एचआरचा प्रमुख आणि केस पांढरे. पहिली फेरी खाण्याची. केरळच्या एका नर्सनं तांदळाचे कुरकुरीत अच्चप्पम आणले होते, वॉर्ड सिस्टरनं आजीच्या पद्धतीची शॉर्टब्रेड बिस्किटं. डॉक्टर विकतचा केक घेऊन आले होते. सुमेधानं स्टीलचा डबा उघडला आणि म्हणाली, “या नारळाच्या वड्या. मला आईनं शिकवल्या. खुटखुटीत कशा करायच्या ते मात्र दुसऱ्या एका बाईंनी शिकवलं.” डबा तिनं डावीकडं दिला. डॉक्टर उजवीकडं बसले होते, म्हणजे त्यांच्यापर्यंत तो सगळ्यात शेवटी पोचणार होता.

डबा फिरू लागला आणि सुमेधानं दुसऱ्या फेरीचा प्रश्न विचारला. हा प्रश्न ती प्रत्येक ठिकाणी विचारते, कस्तुरीला पाठ आहे तो. या हॉस्पिटलातल्या कोणी तुमच्यासाठी असं काही केलं का, जे करायची त्याला गरज नव्हती? आणि ते तुम्ही पुढं कोणाला सांगितलंत?

लोक बोलले. पोर्टर रडला. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांच्या जुन्या इंग्रज साहेबाबद्दल, ज्यानं त्यांना पहिलं मोठं ऑपरेशन करू दिलं. आणि हो, हे मी सर्वांना सांगतो, माझ्या प्रत्येक भाषणात सांगतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात डबा त्यांच्या हातात आला. “अरे वा, वड्या!” ते मराठीतच म्हणून गेले, आणि शेजारी बसलेल्या कॉलिनला इंग्रजीत सांगू लागले, “माझी आई यांच्यासाठी वेडी आहे.”

“माई कशा आहेत, डॉक्टर?” सुमेधानं इंग्रजीत विचारलं. आवाज अगदी खाली. “जिना चढतात ना?”

डॉक्टरांचा वडी धरलेला हात तोंडाजवळ थांबला.

“तू यांच्या आईला ओळखतेस?” कॉलिननं विचारलं.

“ते डॉक्टर सांगतील. मी इथं फक्त प्रश्न विचारते.”

खोली गप्प झाली. अशी शांतता पडली की नवखा माणूस काहीतरी बोलून ती बुजवतो. सुमेधानं हेच तर एवढी वर्षं शिकून घेतलं होतं, की बुजवायची नाही. ती हात मांडीवर ठेवून डॉक्टरांकडं प्रेमानं पाहत राहिली. कस्तुरीनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“सुमेधानं...” डॉक्टर म्हणाले, “माझ्या आईला चालायला शिकवलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. घरी येऊन.”

“प्रायव्हेट पेशंट?” वॉर्ड सिस्टरनं विचारलं.

“नाही. तशीच यायची. दर शनिवारी. शी वॉज व्हेरी काइंड.”

“हे कधी?” हा कॉलिन होता. त्याच्या हातात अर्धी वडी होती आणि तो त्या वडीकडंच पाहत होता.

“बरीच वर्षं झाली.”

“तिच्या मुलाखतीच्या आधी?”

“आधी,” डॉक्टर म्हणाले. “आणि नंतरही.”

कॉलिननं अर्धी वडी रुमालावर ठेवली. “उमेदवार मिठाईचा डबा घेऊन तुमच्या घरी आली होती, असं तुम्ही आम्हाला सांगितलं होतं. मर्यादांचं ते वाक्य मीच लिहिलं, तुमच्या शब्दावर. ती तुमच्या आईला चालवायला येत होती, हे तुम्ही सांगितलं नाहीत.”

“मला ते तेव्हा रेलेव्हंट वाटलं नाही.”

केरळची नर्स हसली. आवाज न करता, पण सगळ्यांना दिसेल अशी.

सुमेधाला काय वाटलं? आनंद वाटला. खोटं कशाला सांगा? पोटभर जेवल्यासारखं वाटलं. वर्षानुवर्षं जे स्वतः बोलून दाखवायचं नाही म्हणून ती गप्प बसली होती, ते त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं, शब्द शब्द करून सांगावं लागलं होतं, आणि तिनं चौकशीपलीकडं काही केलं नव्हतं. कोणी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी केली तर त्याला काय म्हणून नावं ठेवणार?

ती एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं आपली नेहमीची पद्धत मोडली नाही. “ही फेरी अजून संपलेली नाही,” ती म्हणाली, “कोणाला काही सांगायचंय?” तेव्हा फार्मसीतल्या समरनं हात वर केला. डॉक्टर त्याच्याही पॅनेलवर होते. त्याच्याबद्दलही ते म्हणाले होते, की आमची ही मुलं कष्टाळू असतात पण पुढं करण्यासारखी नसतात. हे त्याला नंतर कोणीतरी सांगितलं होतं. मग अनुष्का बोलली. तिची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती, त्याच जुन्या जागेसाठी, आणि पॅनेलवर डॉक्टर होते. “मला भीती वाटते,” ती म्हणाली, “मी त्यांच्यासमोर मराठी बोलायचं बंद केलंय.”

कॉलिन डॉक्टरांकडं न बघता म्हणाला, “पुढच्या आठवड्याच्या पॅनेलवर तुम्ही नसलेलं बरं. जुन्या पॅनेलांचंही आम्हाला पाहावं लागेल.” समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे डॉक्टरांनीच, यावर होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार होते?

बाकीचे गेल्यावर कस्तुरी म्हणाली, “शब्द पाळलास तू. तरी मला आज तुझी भीती वाटली.” मग ती खुर्च्या लावायला वळली.

डॉक्टर दाराशी रेंगाळले होते. कस्तुरी लांब गेल्यावर ते मराठीत, दबक्या आवाजात म्हणाले, “सुमेधा, तू हे मुद्दाम केलंस.”

“हो.”

“अगं, आपल्या माणसाला असं परक्यांसमोर? मी किती विश्वासानं बोलावलं तुला.”

“आपल्या माणसाची बाजू घ्यायची नसते, सर. हे मी तुमच्याकडूनच शिकले.”

“तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. आम्हाला किती जपून राहावं लागायचं तुला नाही कळायचं. मी तुझी बाजू घेतली असती ना, तर म्हणाले असते, बघा, यांचं आपापसात चालतं.”

“गप्प बसला असतात तरी मला जागा मिळत होती,” सुमेधा म्हणाली. “तुम्हाला गप्पसुद्धा बसवलं नाही.”

डॉक्टरांच्या मुठीत ती वडी अजून होती, दाबली जाऊन तिचे तुकडे झाले होते. “आता काय हवंय तुला?” त्यांनी विचारलं. “माफी?”

“ती तुमच्याजवळच ठेवा.” सुमेधानं डब्यात राहिलेल्या वड्या कागदी रुमालात बांधल्या, नीट घडी घातली आणि त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवल्या. “या माईंना द्या. सुमेधानं पाठवल्या म्हणून सांगा. त्या विचारतील, इतकी वर्षं का नाही आली म्हणून. ते तुम्ही सांगायचं. मोठी झाली वगैरे नाही, खरं सांगायचं. शनिवारी मी येणार आहे. तोवर तुम्ही सांगितलं नसेल, तर खाली जिन्याशी उभी राहून मी त्यांना हाक मारीन. चढायला शिकवलंय मी, उतरायलाही शिकवलंय.”

डॉक्टरांचा चेहरा आता खरा पडला. कॉलिनसमोरही पडला नव्हता इतका.

सुमेधा बाहेर आली तेव्हा बारीक पाऊस होता. बसस्टॉपवरून हॉस्पिटलचं कार पार्क दिसायचं. डॉक्टर गाडीत बसले होते. रुमालाची पुरचुंडी त्यांनी पुढं काचेशी ठेवली होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पण गाडी सुरू होत नव्हती. ईलिंग तिथून काही लांब नाही. घरी माई चहाला थांबल्या असतील. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं सुमेधाकडं पाहिलं. तिनं मानेनंच नको म्हटलं आणि ती तशीच बघत उभी राहिली.